कसबाबरोबरच सुरक्षितता : औद्योगिक प्रशिक्षण संस्थांपुढील एक आवश्यक कार्य

दरवर्षी पावसाळ्याच्या दिवसांत गोव्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नव्या प्रशिक्षणार्थींची तुकडी दाखल होते. सत्तरी, काणकोण, पेडणे, सांगे यांसारख्या तालुक्यांतील खेड्यापाड्यांतून आलेली ही मुले-मुली बहुधा नुकतीच आठवी किंवा दहावी उत्तीर्ण झालेली असतात. वयाची चौदा वर्षे पूर्ण झाली की येथे प्रवेश मिळू शकतो. यांपैकी पुष्कळांच्या हातांना कोयता, कुदळ, फावडे यांची सवय असते. ही अवजारे माणसाच्या जोराने चालतात आणि हात थांबला की थांबतात. कार्यशाळेतील यंत्राचे तसे नाही. हात थांबला तरी ते फिरतच राहते, आणि चूक सुधारण्यास क्षणाचीही सवड देत नाही.

कुशल कारागिरांची उणीव भरून काढण्यासाठी १९५० साली देशात शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली. जोडारी म्हणजे फिटर, कातारी म्हणजे टर्नर, संधाता म्हणजे वेल्डर, तसेच वीजतंत्री आणि इतर अनेक व्यवसायांचे शिक्षण या योजनेखाली दिले जाते. या शिक्षणाने असंख्य कुटुंबांना स्थिर उपजीविकेचे साधन मिळवून दिले, हे निर्विवाद आहे. तथापि कसब ही एक गोष्ट आणि सुरक्षितता ही दुसरी, अशी एक समजूत अजूनही आढळते. कसब कार्यशाळेत शिकावयाचे आणि सुरक्षितता भिंतीवरील फलकावर वाचावयाची, असा तिचा अर्थ होतो. ही समजूत मुळातच चुकीची आहे. ज्या कारागिराला आपले काम सुरक्षितपणे करता येत नाही, त्याला ते काम पुरतेपणी येत नाही, असेच म्हटले पाहिजे.

शिकून बाहेर पडलेला तरुण कोठे जातो?

सुरक्षिततेचे शिक्षण संस्थेतच पक्के का झाले पाहिजे, हे समजण्यासाठी प्रशिक्षण संपल्यावर हा तरुण कोठे काम करतो ते पाहावे लागेल. काही जण वेर्णे, कुंडई, कुंकळ्ळी येथील औद्योगिक वसाहतींतील मोठ्या कारखान्यांत जातात. तेथे सुरक्षा अधिकारी असतो, यंत्रांना संरक्षक जाळ्या असतात, नवख्या कामगाराला काही दिवस समजावून सांगण्याची पद्धत असते. परंतु पुष्कळ तरुण गावातील किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या लहान वर्कशॉपमध्ये, गॅरेजमध्ये, लोखंडी दारे-खिडक्या तयार करणाऱ्या शेडमध्ये कामाला लागतात, किंवा घरोघरी वायरिंगची कामे घेतात.

कायद्याच्या तरतुदी पाहिल्या तर हा फरक अधिक स्पष्ट होतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमान्वये १,००० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमणे बंधनकारक होते. संसदेने २०२० साली संमत केलेली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेली व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता ही मर्यादा ५०० कामगारांवर, आणि धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यांसाठी २५० वर आणते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. दुसरीकडे, विजेचा वापर होणाऱ्या ठिकाणाला 'कारखाना' म्हणण्यासाठी पूर्वी १० कामगार पुरेसे होते. संहितेनुसार आता २० लागतात. तीन माणसांचे वेल्डिंगचे दुकान पूर्वीही या व्याख्येत बसत नव्हते आणि आताही बसत नाही. अशा जागी सुरक्षा अधिकारी नसतो, लेखी नियम नसतात आणि मालक स्वतःच घाईत असतो. तेथे त्या तरुणाच्या पाठीशी असते ते केवळ त्याचे शिक्षण. संस्थेत त्याच्या हाताला जी सवय लागली असेल, तीच त्याचे रक्षण करील.

पहिल्या आठवड्याचा धडा पुरेसा नाही

अभ्यासक्रमात सुरक्षिततेला स्थान नाही, असे मात्र नाही. प्रत्येक व्यवसायाचा आरंभच या विषयाने होतो. व्यक्तिगत संरक्षक साधने, प्रथमोपचार, अग्निशामकाचा वापर, तेलकट चिंध्या व धातूचा कीस यांची विल्हेवाट, धोक्याची चिन्हे हे सारे सुरुवातीलाच शिकविले जाते. लाल वर्तुळ म्हणजे मनाई, निळे वर्तुळ म्हणजे सक्ती, पिवळा त्रिकोण म्हणजे इशारा आणि हिरवी पाटी म्हणजे सुरक्षित मार्ग, हे प्रशिक्षणार्थी पाठ करतो आणि परीक्षेत लिहितोही.

उणीव आहे ती वेळेची व संदर्भाची. ज्या मुलाने अद्याप लेथ चालू केलेला नाही, त्याला लेथचे धोके सांगितले तर ते त्याच्या कानावर पडतात, पण हाताला कळत नाहीत. सहा महिन्यांनी तो प्रत्यक्ष लेथवर उभा राहतो तेव्हा पहिल्या आठवड्यातील धडा मागे पडलेला असतो. म्हणून आरंभीचा धडा ठेवावाच. परंतु प्रत्येक नवीन काम, नवीन यंत्र आणि नवीन हत्यार यांच्याबरोबर त्या त्या कामाची सुरक्षितता पुन्हा, नेमकेपणाने आणि करून दाखवून शिकविली जावी. १९४८ च्या अधिनियमातील कलम २३ चा आशयही हाच होता. धोकादायक यंत्रावर अठरा वर्षांखालील तरुणाला काम द्यावयाचे, तर त्याला त्या यंत्राचे धोके व घ्यावयाची खबरदारी पूर्णपणे समजावून दिलेली असली पाहिजे, आणि त्याने पुरेसे प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे किंवा तो जाणकाराच्या देखरेखीखाली असला पाहिजे, असे ते कलम सांगत होते.

एक साधे काम : छिन्नीला धार लावणे

जोडारी व्यवसायातील अगदी सुरुवातीचे काम घेऊ. बोथट झालेल्या छिन्नीला ग्राइंडरवर धार लावावयाची आहे. १५० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला २,८०० फेरे घेत असेल, तर त्याचा काठ ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावत असतो. म्हणजे हमरस्त्यावरील वाहनाचा वेग आणि प्रशिक्षणार्थीची बोटे यांत काही मिलिमीटरांचेच अंतर असते. हा हिशेब फळ्यावर करून दाखविला, तर मुलांना धोक्याची कल्पना देण्यास वेगळ्या भाषणाची गरज राहत नाही.

यानंतर कामाची पायरी, तीमधील धोका आणि त्यावरील उपाय अशा तीन रकान्यांचा कागद मुलांकडूनच तयार करून घ्यावा. चाक बसविण्यापूर्वी ते लाकडी मुठीने हलकेच ठोकून पाहावे. खणखणीत नाद आला तर चाक धड, बद्द आवाज आला तर तडा गेलेला समजावा. हत्यार टेकविण्याची पट्टी आणि चाक यांतील फट ३ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. ती वाढली तर हत्यार फटीत ओढले जाते व चाक फुटू शकते. यंत्र सुरू करताना चाकासमोर न राहता बाजूला उभे राहावे आणि चाक मिनिटभर मोकळे फिरू द्यावे. डोळ्यांवर चष्मा असावा. चाकाच्या बाजूच्या सपाट अंगावर हत्यार घासू नये. छिन्नीचे डोके ठोकून ठोकून छत्रीसारखे पसरले असेल, तर तेही घासून नीट करावे; कारण हातोड्याच्या घावाने त्या पसरलेल्या काठाचा तुकडा उडून डोळ्यात जातो.

येथेच एक महत्त्वाची गोष्ट मुलांच्या ध्यानात आणून द्यावी. हातमोजे नेहमीच संरक्षण देतात असे नाही. वेल्डिंग करताना चामड्याचे हातमोजे अत्यावश्यक आहेत. पण ग्राइंडर, लेथ, ड्रिल अशा फिरत्या यंत्रांवर तेच हातमोजे, तसेच सैल बाही, ओढणी, गळ्यातील दोरा, मनगटातील कडे आणि मोकळे केस घातक ठरतात. फिरता भाग कापडाचा धागा पकडतो आणि त्याच्यामागून हात खेचून घेतो. नियमामागील कारण समजले तर हातमोजे केव्हा घालावेत आणि केव्हा काढावेत, हे प्रशिक्षणार्थी स्वतःच ठरवू शकतो.

लेथवरील चकच्या चावीचेही तसेच आहे. चावी चकमध्ये विसरून यंत्र सुरू केले, तर ती गोळीसारखी फेकली जाते. यावर 'चावी विसरू नका' अशी पाटी लावणे हा दुर्बळ उपाय होय. चावी हातात आहे तोवरच ती चकमध्ये असेल, आणि हात सुटताच ती फळीवरील आपल्या खाचेत जाईल, अशी सवय पहिल्या दिवसापासून लावणे हा खरा उपाय. सवय हाताला लागली की आठवण ठेवण्याचे ओझे उरत नाही.

शिकविण्याच्या चार पायऱ्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी चार पायऱ्यांची एक अध्यापनपद्धती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ती आजही उपयुक्त आहे. पहिल्या पायरीत निदेशक मुलाच्या मनाची तयारी करतो, त्याला या कामातले काय ठाऊक आहे ते विचारून घेतो. दुसऱ्या पायरीत तो काम सावकाश करून दाखवितो आणि प्रत्येक टप्प्यावर 'येथे कशाला जपावयाचे व का' हे सांगतो. तिसऱ्या पायरीत मूल ते काम स्वतः करते आणि करता करता कारणे तोंडाने सांगते. चौथ्या पायरीत त्याला स्वतंत्रपणे काम दिले जाते, पण निदेशक वरचेवर पाहणी करतो व हळूहळू ती कमी करतो.

यांपैकी तिसरी पायरी बहुधा गाळली जाते. वेळ थोडा आणि मुले अधिक असली की 'समजले ना?' असे विचारून 'हो' हे उत्तर स्वीकारले जाते. नवखा मुलगा संकोचाने 'हो' म्हणतो. त्याला काम करावयास लावून कारण सांगावयास लावले, म्हणजे खरोखर किती समजले ते दोन मिनिटांत कळते.

उपायांचा क्रम

सुरक्षितता म्हणजे शिरस्त्राण, चष्मा आणि बूट, असा समज सर्वत्र रूढ आहे. वास्तविक ही साधने उपायांच्या यादीत शेवटी येतात. प्रथम धोकाच काढून टाकता येईल का, ते पाहावे. ते शक्य नसेल तर धोकादायक वस्तूऐवजी कमी धोक्याची वस्तू वापरावी. त्यानंतर यंत्राला जाळी, धूर ओढून घेणारा पंखा, गळती झाल्यास प्रवाह तोडणारा स्विच अशी तांत्रिक योजना करावी. त्यानंतर कामाचे नियम, पाळ्या व देखरेख यांचा विचार करावा. एवढे सगळे करूनही जो धोका उरेल, त्यासाठी व्यक्तिगत साधने वापरावीत.

या क्रमाचे कारण उघड आहे. जाळी बसविली की ती दिवसभर तेथेच राहते. चष्मा मात्र प्रत्येक वेळी आठवणीने घालावा लागतो. प्रशिक्षणार्थीला हा क्रम समजला, तर उद्या स्वतःची लहानशी शेड उभारताना तो आधी जागा, हवा आणि यंत्राची मांडणी यांचा विचार करील.

वीज आणि पावसाळा

गोव्यात वर्षातील चार महिने जमीन, भिंती आणि हवा ओली असते. विजेच्या कामात ओलावा हा मोठा शत्रू होय. वीजतंत्री व्यवसायातील मुलांना एक हिशेब अवश्य करून दाखवावा. २३० व्होल्टवर चालणारा केवळ १० वॅटचा लहान दिवा सुमारे ४३ मिलिअँपियर प्रवाह घेतो. माणसाच्या शरीरातून १० मिलिअँपियरच्या आसपास प्रवाह गेला, तरी स्नायू आखडून हात तारेवरून सुटेनासा होऊ शकतो. आणि छातीतून जाणारा ३० मिलिअँपियरहून अधिक प्रवाह काही काळ टिकला तर जीवघेणा ठरू शकतो. म्हणजे ज्या प्रवाहावर एक मिणमिणता दिवा लागतो, तेवढा प्रवाह माणूस दगावण्यास पुरेसा आहे. म्हणूनच माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलिअँपियरच्या गळतीला प्रवाह तोडणारा स्विच बसवितात. साधा फ्यूज हे काम करू शकत नाही. तो तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे.

दुरुस्तीपूर्वी मुख्य स्विच बंद करणे, त्याला कुलूप लावून चावी स्वतःच्या खिशात ठेवणे, 'काम चालू आहे' अशी पाटी अडकविणे आणि त्यानंतरही टेस्टरने किंवा मीटरने प्रवाह नसल्याची खात्री करून घेणे, या चार गोष्टी शिकविताना कधीही वगळू नयेत. स्विच बंद करून मनुष्य खांबावर चढावा आणि खाली दुसऱ्या कोणी नकळत तो चालू करावा, अशा प्रसंगापासून वाचविते ते खिशातील किल्लीच.

हळूहळू होणारी हानी

अपघात डोळ्यांना दिसतो. आजार मात्र वर्षानुवर्षे लपून राहतो. त्यामुळे सुरक्षिततेच्या शिक्षणात आरोग्याचा भाग मागे पडतो.

वेल्डिंगच्या प्रखर प्रकाशातील अतिनील किरणांनी डोळ्यांच्या पृष्ठभागाला इजा होते. ती त्या क्षणी जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारख्या वेदना सुरू होतात. अशा वेळी दूध वा अन्य घरगुती पदार्थ डोळ्यांत न घालता डॉक्टरांकडे जावे. शेजारी उभे राहून पाहणाऱ्या मुलांनाही ही इजा होते; म्हणून वेल्डिंगच्या जागेभोवती पडदे हवेत. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपावर वेल्डिंग करताना निघणारा धूर श्वासात गेला, तर त्याच दिवशी थंडी वाजून ताप येतो व तो हिवताप असावा असा गैरसमज होतो. वेल्डिंगच्या धुरामुळे कर्करोग होऊ शकतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली काढला. सांध्याच्या थेट वर डोके न धरणे, वारा पाठीमागून नव्हे तर बाजूने येईल असे उभे राहणे आणि धूर ओढणारी नळी सांध्याजवळ ठेवणे, या गोष्टी म्हणूनच वेल्डिंगच्या तंत्राचाच भाग म्हणून शिकवाव्यात.

पेट्रोल, तेल किंवा रसायन यांचे रिकामे पिंप वेल्डिंगने कापणे हा लहान दुकानांत वारंवार आढळणारा प्रकार आहे. पिंप रिकामे दिसले तरी आत वाफ उरलेली असते, आणि ठिणगी पडताच स्फोट होतो. योग्य रीतीने स्वच्छ व वायुमुक्त केल्यावाचून अशा पिंपाला कधीही आच लावू नये. ऑक्सिजनच्या सिलिंडरच्या झडपेला तेल वा ग्रीस लावू नये, आणि ॲसिटिलीनचे सिलिंडर आडवे ठेवून वापरू नये, हेही प्रत्येक संधात्याच्या अंगवळणी पडले पाहिजे.

दगड, फरशी किंवा काँक्रीट कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसांत साठून सिलिकोसिस हा आजार होतो. तो बरा होत नाही, आणि क्षयरोगाची शक्यताही त्यामुळे वाढते. मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. पाणी सोडून कापले की धूळ हवेत उडत नाही. आवाजाचेही असेच आहे. हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना ओरडावे लागत असेल, तर तेथील आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजावे. अशा आवाजाने हळूहळू गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

'थोडक्यात बचावलो' याची नोंद

अपघात होण्यापूर्वी तो अनेकदा सूचना देऊन जातो. हातोडा दांड्यातून निसटतो पण कोणाला लागत नाही; तारेला हात लागून झिणझिण्या येतात; सांडलेल्या तेलावरून पाय घसरतो पण तोल सावरतो. अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिख यांनी १९३१ साली असे मांडले की, एका गंभीर अपघातामागे किरकोळ इजेचे २९ आणि इजा न होता टळलेले ३०० प्रसंग असतात. या नेमक्या प्रमाणाविषयी पुढे तज्ज्ञांनी शंका घेतल्या. परंतु लहान प्रसंगांकडे लक्ष दिल्यास धोके वेळीच हाती लागतात, हा व्यवहार सर्वमान्य आहे.

यासाठी प्रत्येक कार्यशाळेत एक नोंदवही उघडी ठेवावी. त्यात कोणीही प्रशिक्षणार्थी नाव लिहून वा न लिहिता प्रसंग नोंदवू शकेल, आणि नोंद केल्याबद्दल कोणालाही बोल लागणार नाही, असा स्पष्ट दंडक असावा. शिक्षेची भीती असली की नोंद होत नाही, आणि नोंद झाली नाही की दांडा सैल झालेला हातोडा तसाच राहतो. दर आठवड्यास निदेशकाने वहीतील नोंदी मुलांसमोर वाचाव्यात आणि कोणती दुरुस्ती झाली तेही सांगावे. आपण लिहिले म्हणून जाळी बसली, हे पाहिलेला मुलगा पुढे कारखान्यातही गप्प बसणार नाही.

प्रथमोपचार व आग : प्रत्यक्ष सराव

प्रथमोपचाराची पेटी भिंतीवर असणे आणि ती वापरता येणे यांत मोठे अंतर आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष सराव करावा. विजेचा धक्का बसलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी प्रवाह बंद करावा. ते शक्य नसल्यास स्वतः कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि मदत येईपर्यंत थांबू नये. भाजलेल्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, तेल, टूथपेस्ट लावू नये. डोळ्यात कण रुतला असेल तर डोळा चोळू नये व कण स्वतः काढू नये. १०८ व ११२ हे क्रमांक आणि संस्थेचा नेमका पत्ता दूरध्वनीजवळ ठळक अक्षरांत लिहिलेला असावा.

अग्निशामकाचेही तसेच आहे. विजेच्या उपकरणाला लागलेल्या आगीवर पाणी टाकू नये. कार्बन डायऑक्साइड किंवा कोरडी पूड वापरावी. पिन काढणे, नळीचे तोंड आगीच्या बुडाशी धरणे, दाबणे आणि डावी-उजवीकडे फिरविणे या क्रिया मुलांनी स्वतःच्या हाताने कराव्यात. आग विझवताना बाहेर जाण्याची वाट पाठीमागे मोकळी असली पाहिजे, हे विसरू नये.

निदेशक, प्राचार्य आणि प्रशासन

मुले ऐकतात त्यापेक्षा पाहतात अधिक. निदेशकाने 'एक मिनिटाचेच काम आहे' म्हणून चष्मा न घालता ग्राइंडर चालविला, तर वर्षभराची शिकवण त्या एका मिनिटात पुसली जाते. प्राचार्यांनी महिन्यातून एकदा, दोन-तीन प्रशिक्षणार्थींना बरोबर घेऊन, सर्व कार्यशाळांची पाहणी करावी आणि तुटलेली जाळी, उघडी तार, अडलेला दरवाजा यांची यादी दुरुस्तीच्या तारखेसह फलकावर लावावी. दुरुस्ती होईपर्यंत ते यंत्र बंद ठेवण्याचा अधिकार निदेशकास असावा. संरक्षक साधनांची खरेदी करताना मुलींच्या मापाचे बूट, चष्मे व हातमोजे घेतले जातात की नाही, हेही पाहावे. मोठ्या मापाचा हातमोजा हे संरक्षण नसून नवा धोका होय.

पणजीतील कारखाने व बाष्पके निरीक्षणालयातील अधिकारी, तसेच जवळच्या औद्योगिक वसाहतींतील सुरक्षा अधिकारी यांना व्याख्यानापेक्षा कार्यशाळेच्या पाहणीसाठी बोलाविणे अधिक उपयुक्त ठरेल. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली, आणि तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो. या निमित्ताने घोषवाक्ये व भित्तिपत्रके होतातच; त्यांच्या जोडीला वर्षभरातील नोंदवहीचा आढावा घेतला, तर त्या दिवसाला खरा अर्थ येईल.

परीक्षेचाही विचार व्हावयास हवा. ज्याला गुण मिळतात तेच शिकले जाते, हा अनुभव आहे. सराव चाचण्यांत केवळ तयार वस्तूचे माप न पाहता ती कशी तयार केली हेही पाहावे. माप अचूक, परंतु काम धोकादायक रीतीने केलेले असेल, तर ते पुन्हा करावयास लावावे.

हक्क आणि कर्तव्य

१९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या मध्यरात्री भोपाळ येथे विषारी वायूची गळती झाली आणि हजारो माणसे प्राणांस मुकली. आपण कोणत्या पदार्थाच्या सान्निध्यात राहतो, हेदेखील असंख्य लोकांना ठाऊक नव्हते. त्यानंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोक्यांची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देण्याचे बंधन घालण्यात आले. नव्या संहितेतही सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा आणि गंभीर धोका दिसल्यास तो मालकाच्या व निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा कामगाराचा हक्क नमूद आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने शिकाऊ उमेदवाराला कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर टाकली आहे. संस्था सोडण्यापूर्वी प्रत्येक प्रशिक्षणार्थीला हे हक्क सोप्या मराठीत समजावून दिले पाहिजेत. त्याचबरोबर संरक्षक जाळी काढून न टाकणे, सहकाऱ्याचा जीव धोक्यात न घालणे, ही त्याची कर्तव्येही सांगितली पाहिजेत.

पालक, शिक्षक आणि पंचायती

या कार्यात गावाचाही वाटा आहे. मुलगा घरी आल्यावर 'आज काय बनविलेस?' असे विचारणाऱ्या पालकांनी 'कसे बनविलेस?' हेही विचारावे. प्रशिक्षण संपवून तो लहान दुकानात कामाला जाणार असेल, तर तेथे अर्थिंग आहे का, चष्मे आहेत का, यंत्राला जाळी आहे का, हे पगाराइतक्याच आस्थेने पाहावे. माध्यमिक शाळांतील शिक्षकांना विज्ञानाच्या तासाला फ्यूज, अर्थिंग, घर्षण, ज्वलन हे विषय शिकविताना कारखान्यातील व घरातील उदाहरणे देता येतील. पंचायतींना आपल्या हद्दीतील गॅरेज व वेल्डिंगच्या दुकानदारांसाठी जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने एखादा दिवस प्रात्यक्षिकांचा ठेवता येईल.

जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सुरक्षित व निरोगी कार्यस्थळ हे श्रमिकांच्या मूलभूत तत्त्वांत व हक्कांत समाविष्ट केले. हा हक्क कागदावरून कार्यशाळेत आणावयाचा, तर त्याचा आरंभ सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या हातापासूनच झाला पाहिजे. त्या हाताला कानस धरावयास शिकविणे जितके अगत्याचे, तितकेच चकची चावी जागेवर ठेवावयास शिकविणे अगत्याचे आहे. प्रमाणपत्राबरोबर दोन्ही हात, दोन्ही डोळे आणि निरोगी फुप्फुसे घेऊन तो तरुण उपजीविकेच्या वाटेला लागावा आणि निवृत्तीच्या दिवशीही ती तशीच शाबूत असावीत, हे प्रत्येक संस्थेने आपल्या प्रशिक्षणाचे खरे मोजमाप मानावे.